‘दरोबस्त’ आणि केरबातात्या

तात्या गेल्याची बातमी मला शाळेत, सहावीचा तास घेताना कळली. ते दानशूर होते ही बातमी मात्र सहाव्या दिवशी, एका साप्ताहिकाच्या तिसऱ्या पानावर वाचून कळली. ‘आपली विहीर गावास अर्पण करणारे दानशूर केरबातात्या यांचे निधन.’ खाली पाच ओळी. नाव बरोबर, वय बरोबर, शाळेतली शिपायाची नोकरी बरोबर, मागं पत्नी आहे हेही बरोबर. खोटी होती ती फक्त विहीर. ज्या एका गोष्टीसाठी माणसानं अकरा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, नेमकी तेवढीच खोटी छापली होती.

पुढं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेजींची वंदना झाली आणि उपसा सिंचन सोसायटीचे चेअरमन बोलायला उठले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण चेअरमनला बोलवावं लागत नाही. म्हणाले, “बहात्तरच्या दुष्काळात तात्यांनी जात बघितली नाही, पात बघितली नाही. आपली हीर गावाला देऊन टाकली. असा माणूस पुन्हा होणे नाही.” आमच्याच वस्तीतल्या चार जणांनी माना डोलावल्या. खाली बसता बसता चेअरमन माझ्याकडं वळले. “सर, हिरीवर तात्यांच्या नावाची फरशी बसवतोय सोसायटी. मजकूर तुमीच करा. तुमच्याएवढं मराठी गावात कुणाला येतंय?” सुतकी चेहऱ्याच्या माणसाला गप्प बसायची सोय असते, ती मी वापरली. हा लेख म्हणजे तो मजकूर. फरशीवर मावणार नाही, त्याला माझा इलाज नाही.

केरबातात्या माझे धाकटे चुलते. आमचं गाव बेंबळीच्या अलीकडं, डांबरी सडकेपासून दीड कोस आत. तात्या निजामाच्या अमलात उर्दू चौथी शिकले होते, आणि त्या चौथीचा त्यांना माझ्या बी.ए.पेक्षा जास्त अभिमान होता. गावातल्या शाळेत ते शिपाई होते. घंटा द्यायचे, पण तासाच्या ठोक्याला. मास्तर वर्गात आला असो की नसो. एकदा हेडमास्तर म्हणाले, “केरबा, जरा थांबत जा रे, आमी चहा पितोय.” तर तात्या म्हणाले, “गुरुजी, घंटा टायमाची हाय, तुमची न्हाय.” असा माणूस. कुणाचं काय आहे आणि कुणाचं काय नाही, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता.

आमची विहीर आमच्या लोकांनी पाडलेली. तात्यांच्या आज्यानं आणि त्याच्या भाऊबंदांनी काळा पाषाण फोडून पाडलेली. का पाडली, हे काय वेगळं सांगायला पाहिजे? गावच्या आडावर आमची घागर चालत नव्हती म्हणून पाडली. त्या काळच्या इनामदारानं तसा कागदही करून दिला होता, मोडीतला. त्यात एक ओळ होती: ‘तुम्ही मेहनतीने पाडिली विहीर, तिची धाव व पायवाट दरोबस्त चालवावी.’ दरोबस्त म्हणजे सगळंच्या सगळं, काहीएक मागं न ठेवता. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून जातात ती धावसुद्धा, विहिरीकडं येणारी वाटसुद्धा. पन्नास-साठ वर्षं त्या कागदाकडं कुणी बघितलं नाही, कारण त्या पाण्याकडंच कुणी बघत नव्हतं. पाणी बाटलेलं होतं ना.

मग बहात्तर साल आलं. गावचा आड आटला, पाटलाच्या मळ्यातली विहीर आटली, मारुतीच्या देवळामागची आटली. आमची आटली नाही. पाषाणाच्या पोटातून कुठून तरी तिचा झरा चालूच राहिला. आणि पाणी एकाएकी शुद्ध झालं! मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, सुट्टीत घरी आलेलो. हे डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. पहिल्या दिवशी गावातल्या बायका घागरी घेऊन आल्या आणि लांब उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी जवळ आल्या. तिसऱ्या दिवशी त्यातली एक माझ्या काकीला, तात्यांच्या बायकोला, म्हणाली, “तुमी जरा बाजूला व्हा गं, आमचं भरून हूं द्या.” काकी बाजूला झालीही असती. तात्या काठावर उभे होते. म्हणाले, “आक्का, हीर आमची हाय, रांग समद्यांची हाय. मागं जावा.” ती बाई मागं गेली. आणि पाऊस येईपर्यंत अख्खं गाव आमच्या विहिरीवर रांगेत उभं राहिलं, आमच्या बायांच्या मागं, पुढं, मधे. तात्यांनी एका माणसाला नाही म्हटलं नाही. वस्तीतली तरणी पोरं म्हणायची, “आता कळू दे यांना.” तात्या म्हणायचे, “तहानेला काय कळवायचं असतंय रं?”

ती रांगच पुढं आमच्या मुळावर आली. दोन-तीन वर्षांनी सोसायटी निघाली. सरकार सहकाराला हात देत होतं, चांगली गोष्ट होती, आम्हालाही सभासद व्हा म्हणाले. पंप कुठं बसवायचा? जिथं दुष्काळात पाणी राहिलं तिथं. तात्यांनी कागद काढला. सोसायटीनंही कागद काढला, त्याच कागदाची नक्कल. मोडीची नागरी करून कुणी तरी पूर्वी लिहून ठेवली होती, तिच्यावरून पुन्हा कचेरीतल्या कारकुनानं उतरवलेली. पहिल्या नकलेत ‘ब’च्या पोटातली रेघ पुसट झाली होती, म्हणून दुसऱ्यानं ‘दरोवस्त’ वाचलं. असा शब्द असतो का? नसतो. मग त्या शहाण्यानं शुद्धलेखन सुधारलं. केलं ‘दर वस्तीस’. ‘तुम्ही मेहनतीने पाडिली विहीर, तिची धाव व पायवाट दर वस्तीस चालवावी.’ म्हणजे प्रत्येक वस्तीला. म्हणजे गावाला. आमच्या आज्या-पणज्यांनी घण मारून काढलेला झरा एका रेघेपायी गावाचा झाला. ही चूक अडाणी माणूस करूच शकत नाही. ती करायला चार बुकं शिकावी लागतात.

आणि आता माझी गोष्ट. ती मी अकरा वर्षं कुणाला सांगितली नाही...

तालुक्याला सुनावणी लागली तेव्हा मी नुकताच बी.ए. झालो होतो, मराठी घेऊन. आमच्या वस्तीतला पहिला. तात्या म्हणाले, “पल्हाद, तू चल. आमी सांगितलं तर साहेब म्हणंल, ह्यांची बोली. तू सांगितलंस तर मराठी म्हणंल.” सुनावणीच्या आधी मी माझ्या प्राध्यापकांना जाऊन शब्द विचारला. ते पान खात होते. पान तसंच तोंडात ठेवून हसले. “दरोबस्त? असा शब्द मराठीत नाही. दुरुस्त असेल. तुमच्याकडं उच्चार बिघडतात.” मी त्यांना असं म्हणायला हवं होतं, की सर, आमच्या घरात रोज बोलतात हा शब्द. काकी म्हणते, “पोरगं दरबस्त भिजून आलं.” तात्या म्हणतात, “सभा दरबस्त उटून गेली.” उच्चार थोडा झिजलेला, पण शब्द तोच. मी म्हणालो नाही. कारण पहिल्या वर्षाला वर्गात मी एकदा बोलून गेलो होतो, ‘पुस्तक दरबस्त वाचलं,’ आणि पाठीमागचे बाक हसले होते. त्या दिवसापासून मी तो शब्द तोंडातून काढून टाकला होता. तो आणि तसले आणखी शंभर. पदवी मिळवायला मी काय काय मोजलं म्हणून विचाराल तर हे.

सुनावणीत तहसीलदार साहेबांनी विचारलं, “तुम्ही पदवीधर ना? विषय मराठी? मग सांगा, हा शब्द मराठीत आहे का?” खोलीत सोसायटीचे लोक होते, वकील होता, तात्या होते. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. पांढरा शर्ट मी त्या दिवसासाठी मुद्दाम इस्त्री करून घातलेला. मी म्हणालो, “माझ्या अभ्यासात नाही आला.” साहेब म्हणाले, “म्हणजे नाही?” मी म्हणालो, “नाही.”

साहेबांनी लिहून घेतलं. अर्जदारांच्याच पदवीधर पुतण्याने शब्द मराठीत नसल्याचे सांगितले. बहात्तरला सगळ्या गावानं तिथं पाणी भरलं होतं, हेही लिहून घेतलं. तहानेल्या माणसाला नाही म्हटलं नाही, याचा पुरावा झाला, आमच्याविरुद्ध. निकाल सोसायटीच्या बाजूनं लागला.

आम्ही एस.टी. स्टँडवर आलो. गाडीला अवकाश होता. बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, “तुला ठाव नव्हता शब्द?”

“होता.”

“मग?”

तात्यांनी थोडा वेळ समोरच्या फलाटावर उभ्या गाडीच्या पाट्या वाचल्या. मग म्हणाले, “जाऊ दे. तुला लाज वाटली. लाज काय तुझी न्हाय, ती त्यांनी शिकवल्याली हाय. पर आता म्याच हुडकतो. कुटनं आला ह्यो शब्द, कुणी आणला, आमच्यात कसा आला... मुळापातूर जातो. मग बघू साहेब काय म्हणतोय.” त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. अजूनही वाटतं, एक सणसणीत शिवी द्यायला हवी होती.

पंप बसवायच्या दिवशी गावात पोलीस आले. आमच्या वस्तीत तेव्हा धड दहा धट्टीकट्टी माणसं नव्हती, तरी बंदोबस्त आला. पंपघर बांधलं, त्याला कुलूप लागलं, किल्ली सोसायटीत गेली. पाणी वरच्या रानातल्या उसाला निघालं. आमच्या बाया हापशावर जायला लागल्या. सभासद व्हा म्हणाले होते ना, झालो होतो. पण आमच्या हाडकीच्या, म्हणजे वतनात मिळालेल्या जमिनीच्या, तुकड्यांपर्यंत पाइपच आला नाही.

आणि तात्या शब्दाच्या मागं लागले. शाळेला सुट्टी असली की निघाले. धाराशिवला एक म्हातारे मोडी वाचणारे होते, पूर्वीचे कचेरीतले कारकून. त्यांनी मूळ कागद उन्हात धरून वाचला आणि म्हणाले, “लखलखीत दरोबस्त आहे हो. ज्यानं दर वस्ती केलं त्याला दिवे ओवाळा.” पण हे लिहून द्या म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. बाजारात, स्टँडवर, पानाच्या टपरीवर, तेरखेड्याच्या फटाके वळणाऱ्या पाहुण्यांकडं गेले तर तिथंसुद्धा, तात्या माणसं धरून विचारायचे, “तुमच्याकडं दरबस्त म्हणत्यात का? कशाला म्हणत्यात?” गावात त्यांचं नावच पडलं, दरोबस्त तात्या. पारावर बसलेला एखादा टवाळ विचारायचा, “काय तात्या, घावला का शब्द?” तात्या न थांबता म्हणायचे, “शब्द घावलाय, हीर घावंना झालीया. तुमची कापडं वली दिसत्यात, तवा ती कुटं हाय ते तुमीच सांगा.”

शेवटी मूळ सापडलं ते त्यांच्या उर्दू चौथीच्या कादर मास्तरांकडं. मास्तर तेव्हा नव्वदीला टेकलेले, डोळ्यांनी अधू. तात्यांना आवाजावरून ओळखलं. या खेपेला मी बरोबर होतो. मास्तर बाजेवर उठून बसले आणि वर्गात शिकवावं तसं बोट वर करून म्हणाले, “दर बोले तो दरवाजा. ओ बोले तो और. बस्त बोले तो बांधेला, बंद केला. दरवाजा भी और जो उस के अंदर बांधेला है वो भी. सब का सब. फारसी है, केरबा. बादशाहां की सनदां में रहता था.” मग विचारलं, “तेरा साब बंदोबस्त समझता नै क्या? वो इसका सगा भाई है.”

तात्या बाजेच्या पायाशी बसले होते, तिथून उठून उभे राहिले. बंदोबस्त! तो शब्द साहेबाला कळला होता. लगेच कळला होता, जीपभर पोलीस पाठवण्याइतका कळला होता. बंदोबस्त मराठीत आहे आणि दरोबस्त मराठीत नाही. दोघं एकाच घरातले, एकाच वाटेनं आलेले. त्यातला काठी घेऊन येणारा तेवढा आपला, आणि सगळंच्या सगळं देणारा परका, बिघडलेला, खेडवळ. भाषेचं राजकारण कळायला मला यापेक्षा जास्त व्याख्यानं ऐकायची गरज पडली नाही.

परतीच्या गाडीत मी विचारलं, “पण तात्या, बादशाहाच्या सनदेतला शब्द आपल्या चुलीपाशी कसा आला?” तात्यांचं याच्यावर उत्तर तयार होतं, बरीच वर्षं ते त्याच्यावरच विचार करत असावेत. म्हणाले, “कागद कोण न्हेत हुतं रं? ह्या गावाहून त्या गावाला, कचेरीतनं देशमुखाकडं? आपलाच माणूस न्हेत हुता, काठी आपटत. कागद वाचून हुईस्तवर उंबऱ्याभाईर उबा ऱ्हायचा. आत वाचायचे, अमुक गाव दरोबस्त, तमुक रान दरोबस्त. ह्यो ऐकायचा. घरी यिऊन बायकुला म्हणायचा, भाकर दरोबस्त वाढ.” आणि हसले. तात्या असे हसायचे तेव्हा त्यांचे खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. मी पुढं बरीच पुस्तकं चाळली, शब्दांच्या प्रवासावर विद्वानांनी लिहिलेली. उंबऱ्याबाहेर उभा असलेला माणूस त्यातल्या एकाही विद्वानाला दिसलेला नाही. साहेब लोक तो शब्द विसरून गेले. ज्यांना आत घेतलं नव्हतं, त्या आम्ही तो सांभाळला.

त्यानंतर मी माझ्या जुन्या कॉलेजात गेलो. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात, काचेच्या कपाटात, मराठीचा एक जुना जाडजूड कोश होता. कपाटाची चावी शोधायला अर्धा तास लागला, शब्द शोधायला पाच मिनिटं. ‘दरोबस्त’. पुढं क्रियाविशेषण असल्याची खूण, आणि अर्थ: पूर्णपणे, सगळा. मी तिथंच उभा राहिलो. ज्या खोलीत प्राध्यापक पान खात हसले होते ती खोली या कपाटापासून वीस पावलांवर. ते वीस पावलं चालले नाहीत. त्यांच्यावर मी पुष्कळ वर्षं चिडलेला होतो, अजून आहे. पण खरं सांगायचं तर त्यांना शब्द माहीत नव्हता. मला माहीत होता.

कोशातल्या पानाची नक्कल जोडून तात्यांनी फेर-अर्ज केला. मुदत टळली, म्हणून परत आला. पुन्हा केला, पुन्हा परत आला. शेवटच्या अर्जाचं उत्तर यायच्या आत तात्या गेले... शाळेतून निवृत्त झालेले, सकाळी वहाणा घालत होते, तसेच बसले ते बसले.

आता चेअरमन म्हणतात, त्यांनी विहीर दान केली. हुशार माणूस आहे. दान म्हटलं की चोरी पुसली जाते, आणि वर चोरालाच हार घालायला मिळतो. पण तात्यांच्या मागं तात्यांचं काय राहिलं? घर दोन खणांचं, त्यातला एक खण गळका. राहिलं ते एवढंच, की हा माणूस शेवटपर्यंत ‘आमचं आहे’ म्हणत होता. फरशी बसली की तेही जाईल. आमच्या वस्तीतल्या पोरांची पोरं ती फरशी वाचतील आणि शाळेत मी शिकवल्याप्रमाणे शुद्ध उच्चारात म्हणतील, आमच्या पणज्यानं विहीर गावास अर्पण केली. मी चेअरमनना निरोप पाठवला की मजकूर करणार नाही. त्यांचा उलट निरोप आला: “बरं, दुसऱ्याकडनं करून घेतो.”

म्हणून गेल्या आठवड्यात मी बसून प्रतिज्ञापत्र लिहिलं, विलंब माफ व्हावा अशा अर्जासोबत जोडायला. आता अर्जदार मी आहे. तात्या ज्या खणात बसून अर्ज लिहायचे तिथंच बसलो, भिंतीला पाठ लावून. काकी दाराशी बसून लसूण सोलत होती. ती म्हणाली, “काय लिवलंस, वाच.”

मी वाचलं. मी अमुक अमुक, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की सुनावणीत मी खोटं बोललो. दरोबस्त हा शब्द मला लहानपणापासून माहीत होता. हा शब्द मूळ फारसी असून जुन्या सनदांत आढळतो, आणि मराठीच्या कोशात क्रियाविशेषण म्हणून नोंदलेला आहे, सबब तो मराठी शब्द आहे.

काकीनं पाकळ्या फुंकल्या. “कोशात घावला म्हणून मराठी व्हय?”

मी म्हणालो, “त्यांना कोशच लागतो, काकी.”

“त्यास्नी लागू दे. आदी तू लिव, तुझ्या चुलतीच्या तोंडात हाय म्हणून. कोशवाला काय माझ्या घरी इचारायला आला हुता? मला इचारलं असतं त्या दिवशी साहेबानं, तर म्या सांगितलं असतं. मला न्हेलंच न्हाय कुणी.”

खरंच. नेलं नव्हतं. रोज तो शब्द बोलणारी बाई घरी होती, आणि आम्ही साक्षीला नेला होता पदवीधर.

मी तो कागद फाडला, नवा घेतला. कोशाचं आणि फारसीचं खाली, तिसऱ्या कलमात ढकललं. पहिल्या कलमात लिहिलं, हा शब्द आमच्या घरात बोलला जातो. साक्षीदाराच्या जागी काकीचं नाव घातलं. तिनं लसणाचा हात पदराला पुसला, अंगठा पुढं केला, आणि शाई लावून झाल्यावर कागदाच्या डाव्या कोपऱ्यात तो इतक्या जोरात दाबला की ठसा मागच्या पानावर उमटला. म्हणाली, “तारीख लागली की सांग. ह्या वक्ताला म्या येती.”